इमारत ‘हेरिटेज’ ठरते कशी?

इमारत शंभर वर्षांची झाली म्हणून आपोआप ‘हेरिटेज’ होत नाही. तिचं नाव रीतसर यादीत यावं लागतं. ते येईपर्यंत ती कायद्याच्या लेखी फक्त जुनी इमारत असते आणि मालकाने परवानगी काढून पाडायची ठरवली, तर कुणी अडवू शकत नाही. मुंबईत ही यादी कशी बनते आणि तिच्यात नाव आल्यावर नेमकं काय होतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

किल्ले, लेणी, जुनी मंदिरं यांच्यासाठी केंद्राचा 1958 चा आणि महाराष्ट्राचा 1960 चा कायदा आहे. पण फोर्टमधल्या कचेऱ्या, गिरगावातली घरं, दादरच्या सोसायट्या या वापरात असलेल्या वास्तू. तिथे माणसं राहतात, धंदा करतात, भाडं भरतात. त्यांना स्मारकांचा कायदा लावणं अवघडच. म्हणून मुंबईने दुसरी वाट धरली. शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीतच 67 वा नियम आला आणि 1995 मध्ये वारशाचे नियम लागू झाले. देशात असं करणारं मुंबई पहिलं शहर. 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नव्या नियमावलीत हाच विषय 52 व्या नियमात आहे.

सुरुवात पाहणीने होते. वास्तुरचनाकार आणि जाणकार गल्लीबोळ हिंडून प्रत्येक वास्तूची नोंद करतात: पत्ता, मालकी, वापर, बांधकामाचा काळ, शैली, बांधकामाचं साहित्य, सध्याची अवस्था, सोबत फोटो. या नोंदीतला सर्वांत मोलाचा रकाना मूल्याचा, असं मला वाटतं. वास्तू कशासाठी जपायची, ते नियमानुसार ठरलेल्या अक्षरांत तिथे लिहावं लागतं. ‘ए’ म्हणजे वास्तुकला, इतिहास किंवा संस्कृती यांतलं महत्त्व. ‘बी’ म्हणजे काळ, रचना किंवा वेगळा वापर. ‘सी’ म्हणजे सामाजिक-आर्थिक इतिहास. ‘डी’ म्हणजे नामवंत व्यक्ती किंवा घटनेशी नातं. एकटी साधी वाटणारी, पण शेजारच्या घरांसोबत शोभणारी वास्तू समूहमूल्यात बसते. तंत्रज्ञानाचा टप्पा दाखवणाऱ्या वास्तूंसाठी आणि समुद्रकिनारा, रस्त्याची रेघ, क्षितिजरेषा यांसाठीही वेगळी अक्षरं आहेत.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल, या नजरेने पाहा. 1860 च्या दशकातली ही इमारत. तिचे लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने इथे आणल्या आणि इथे जोडल्या. तो सांगाडा दर्शनी बाजूला आजही उघड दिसतो. भिंती त्याच्या आधाराने उभ्या आहेत. म्हणजे तंत्रज्ञानाचा निकष झाला. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा मुंबईतला पहिला खेळ इथे झाला. म्हणजे घटनेशी नातंही आलं. नक्षीकाम कुठेच नसतं, तरी ही इमारत जपण्याजोगी ठरली असती.

मूल्य ठरलं की श्रेणी येते. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय. इथे मजबुतीसाठी अगदी गरजेचं तेवढंच काम चालतं. दुसऱ्या श्रेणीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग. ‘अ’मध्ये आतले बदल आणि नवा वापर छाननीनंतर चालतो, ‘ब’मध्ये त्याच आवारात मेळ राखून वाढीव बांधकामही करता येतं. एस्प्लनेड मॅन्शन दोन-‘अ’मध्ये आहे. तिसरी श्रेणी रस्त्याचा चेहरा घडवणाऱ्या वास्तूंची. तिथे बंधनं सैल, आणि नंतरच्या सुधारणांनी, विशेषतः उपकरप्राप्त (सेस्ड) इमारतींच्या पुनर्विकासात, ती आणखी सैल झाली.

प्रस्ताव पालिका आयुक्तांकडून किंवा वारसा समितीकडून राज्याच्या नगरविकास विभागाकडे जातो. सरकार स्वतःहूनही हालचाल करू शकतं. समिती सरकारनेच नेमलेली असते आणि तिच्यात वास्तुरचनाकार, संरचना अभियंता, शहराच्या इतिहासाचे व पर्यावरणाचे जाणकार असतात. यादीत भर घालायची असो की एखादं नाव वगळायचं असो, आधी लोकांच्या हरकती-सूचना मागवून त्यांचा विचार करणं बंधनकारक आहे. शेवटची मोहोर सरकारची.

हरकतींचा हा टप्पा किती तापू शकतो, ते 2012 मध्ये दिसलं. पालिकेने 900 हून अधिक वास्तू आणि परिसरांची वाढीव यादी जाहीर केली आणि शिवाजी पार्कचे रहिवासी खवळले. इमारती थकल्यात, आता पुनर्विकासच अडेल, ही त्यांची भीती. ती खोटी म्हणता येणार नाही. पण मैदानाभोवतीच्या त्या ठेंगण्या, गोल सज्ज्यांच्या इमारतींची रांग एकदा तुटली की परत उभी राहत नाही, हेही तितकंच खरं.

नाव आल्यावर मालकाच्या हातात काय उरतं? पाडकाम सोडाच; बाहेरचा गिलावा, दुरुस्ती, अगदी रंग द्यायचा तरी आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आयुक्तांनी समितीचा सल्ला घ्यायचा आणि तो पाळायचा. डावलायचा तर अपवाद म्हणून, लेखी कारण देऊन. नियमामुळे चटई क्षेत्र वापरायचं राहिलं, तर मालकाला भरपाई म्हणून टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, मिळतो आणि तो विकता येतो.

खरी अडचण पुढे आहे. यादी पाडकाम रोखते, पडझड रोखत नाही. डागडुजी नियमाने मालकावर सोपवली आहे. पण फोर्ट-गिरगावातल्या अनेक इमारतींची भाडी अजूनही 1940 च्या दरांना धरून ठरलेली. भाड्यातून सागवानी जिन्याची एक पायरीही बदलता येत नाही, आणि भाडेकरूला पागडीची खोली सोडवत नाही. एस्प्लनेड मॅन्शनचा काही भाग 2005 मध्ये कोसळला, 2019 मध्ये ती रिकामी करावी लागली. दोन-‘अ’ श्रेणी तेव्हाही तिच्या नावापुढे होतीच. दुरुस्तीसाठी नियमित पैसा उभा करणारी व्यवस्था यादीला जोडल्याशिवाय हे थांबायचं नाही, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या गल्लीतली एखादी वास्तू यादीत यावी असं वाटत असेल, तर ‘खूप जुनी आणि सुंदर आहे’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या मूल्यात ती बसते ते सांगा आणि पुरावा जोडा: सिटी सर्व्हे क्रमांक, जुना नकाशा किंवा फोटो, बांधकामाचं साल कोरलेला दगड असेल तर त्याचं छायाचित्र. खांब, जिने, जाळ्या, फरशा यांतलं मूळचं काय शिल्लक आहे, त्याची नोंद मजल्यागणिक करा. भाडेकरू आणि मालक यांचं म्हणणंही आधीच ऐकून घ्या, कारण हरकतींच्या सुनावणीत पहिला प्रश्न तिथूनच येतो.