पहिला खर्च माइकवर नको: गावातल्या घरात कमी पैशात रेकॉर्डिंग स्टुडिओ

आजचा भाग घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करण्याबद्दल, तेही कमी पैशात. एसटीत बसलाय आणि इअरफोन घरी राहिलाय, अशांसाठी हे लिखित रूप. बोलताना आकडे घाईत निसटतात, इथे ते नीट दिलेत.

मी मूळचा तुळजापूर तालुक्यातला. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. सुट्टीला गावी गेलो की घरातल्या एका खोलीत आराधी गाणी, गोंधळ, भजनं रेकॉर्ड करतो. त्यामुळे मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे, "दादा, दहा हजारांत कोणता माइक घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. माइक राहू दे, आधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजव.

टाळी काय सांगते?

टाळीनंतर "टर्रर्र" असा आवाज मागे रेंगाळला, तर तुमच्या समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे चेंडूसारखा टोलवतायत. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. भिंत एक मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला जेमतेम ६ मिलिसेकंद लागतात. एवढ्या कमी वेळात कानाला वेगळा प्रतिध्वनी ऐकू येत नाही. पण माइकमध्ये मूळ आवाज आणि परत आलेला आवाज एकत्र मिसळतात. काही स्वर वाढतात, काही एकमेकांना मारून टाकतात. मग गाणं डब्यात तोंड घालून म्हटल्यासारखं लागतं.

हे नंतर सॉफ्टवेअरमध्ये धड निघत नाही. पंख्याची घरघर बरीच कमी करता येते, पण खोलीचा आवाज गाण्यात साखर दुधात विरघळावी तसा मिसळलेला असतो. आणि दहाऐवजी तीस हजारांचा माइक घेतला तरी तो हीच खराब खोली जास्त बारकाईने टिपणार.

त्यात आपल्याकडच्या नव्या खोल्या बहुतेक दहा बाय दहा, वर स्लॅबही दहा फुटांवर. म्हणजे चक्क चौकोनी ठोकळा. दहा फुटांत ५६ हर्ट्झची लाट बरोबर अडकते, मग तिच्या पटीतल्या ११२ आणि १६८ हर्ट्झच्या. तिन्ही बाजू सारख्या असल्यामुळे तेच स्वर तिन्ही दिशांनी घुमतात. पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग नेमका ११२ च्या आसपास असतो. म्हणून स्लॅबच्या रिकाम्या खोलीत भजन म्हटलं की काही शब्द उगाच घुमतात आणि काही गायब होतात.

माळवदाची खोली असेल तर नशीबवान आहात

आपल्या जिल्ह्यात जुनी माळवदाची घरं अजून बरीच आहेत. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहतात एवढंच आपल्याला माहीत असतं. पण बाहेरचा आवाज अडवायला लागतं ते वजन. भिंतीचं वजन दुप्पट केलं की आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलने जास्त अडतो. दोन फुटी दगडी भिंतीला जे फुकट जमतं, त्यासाठी शहरातले स्टुडिओ लाखो रुपये घालवतात. शिवाय ओबडधोबड भिंती आणि तुळया आवाज वेगवेगळ्या दिशांना फेकतात, त्यामुळे तो "टर्रर्र" येत नाही.

पण एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, त्यात मोठा वाटा अशाच मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींचा होता. भिंतीला पोट आलेलं असेल, तुळई झुकली असेल किंवा पावसात माती गळत असेल, तर ती खोली सोडून द्या. चांगल्या आवाजासाठी जीव धोक्यात घालायचा नाही. स्लॅबच्या खोलीचंही आपण काम भागवू.

पत्र्याची खोली मात्र शेवटचा पर्याय. उन्हाने पत्रे तडतडतात आणि पावसात तर विषयच संपला.

वाकळ कुठे टांगायची?

खोली सुधारायला आपल्या घरातच उत्तम वस्तू आहे: वाकळ, म्हणजे गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली, जितकी जाड तितकी चांगली.

टांगताना दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, वाकळ भिंतीला चिकटवू नका. भिंतीला लागून हवा जवळपास हलतच नाही, आणि कापड आवाज खातं ते हलणाऱ्या हवेला अडवून. चार इंच पुढे टांगली तर तीच वाकळ साधारण ८५० हर्ट्झपासून वरचे स्वर नीट शोषते. दोरी किंवा बांबू भिंतीपासून थोडा पुढे बांधला की झालं.

दोन, पहिली वाकळ गाणाऱ्याच्या पाठीमागे लावा. बरेच जण ती माइकच्या मागे लावतात. आपले नेहमीचे माइक कार्डिऑइड प्रकारचे असतात. ते समोरचं ऐकतात, पाठीमागचं फार कमी. माइकच्या समोर कोण? गाणारा, आणि त्याच्या मागची भिंत. म्हणून तीच भिंत आधी झाकायची. मग दोन्ही बाजूंना एकेक वाकळ आणि खाली सतरंजी. खोलीत गव्हाची पोती असतील तर कोपऱ्यात रचून ठेवा, घुमणारे खालचे स्वर थोडे तरी कमी होतात.

अंड्याचे ट्रे चिकटवू नका. ते पातळ पुठ्ठ्याचे असतात. आवाज धड शोषत नाहीत, अडवत तर अजिबात नाहीत, आणि पटकन पेटतात. ऑनलाइन मिळणारा एक इंची फोमही फक्त वरचे स्वर खातो, त्यामुळे खोली मंद आणि कोंदट लागते. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: फोम काय नि वाकळ काय, शेजारच्या बोअरच्या मोटरीचा आवाज दोन्ही थांबवत नाहीत. त्यासाठी वजनदार भिंत लागते, नाहीतर योग्य वेळ.

वेळ म्हणजे रात्री अकरानंतरची. मोटारी बंद, भोंगे बंद, शेळ्या झोपलेल्या. पंखा बंद करा, फ्रीज शेजारच्या खोलीत असेल तर तेवढ्यापुरता तोही. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. जुन्या घरांत अर्थिंग नीट नसतं आणि रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची "हूं" येते, ती बऱ्याचदा बॅटरीवर गेल्यावर निघून जाते. शिवाय मध्येच लाइट गेली तरी गाणं थांबत नाही.

आता खरेदी

पहिला टप्पा, जवळपास शून्य खर्च. तुमचा फोन, वायरवाला इअरफोन आणि तीन वाकळा. फक्त व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करू नका. ती बोलण्यासाठी बनवलेली आहे, फाइल फार दाबून टाकते. डब्ल्यूएव्ही फाइल सेव्ह करणारं रेकॉर्डर ॲप घ्या, त्यातलं नॉइज रिडक्शन आणि ऑटो गेन बंद करा. असं महिनाभर करून बघा. इथे कंटाळलात तर पैसे वाचले.

दुसरा टप्पा, साधारण वीस हजार. भाव अंदाजे आहेत, ऑफरनुसार बदलतात. दोन माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस, उदाहरणार्थ बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी, आठ ते नऊ हजार. दोन साधे डायनॅमिक माइक, मिळून चार हजार. कान झाकणारा हेडफोन, चार ते पाच हजार. दोन एक्सएलआर केबल हजारभर, दोन स्टँड दोन हजार. लॅपटॉप आहे असं धरलंय. फोनला जोडणार असाल तर काही इंटरफेसना फोनमधून पुरेशी वीज मिळत नाही, मग पॉवर असलेला यूएसबी हब लागतो.

डायनॅमिक का, कंडेन्सर का नाही? डायनॅमिक माइक तोंडाजवळ ठेवून गायचा असतो. माइकचं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा मात्र आहे तेवढाच राहतो. अर्धवट सुधारलेल्या खोलीत हा फायदा फार मोठा आहे. खोली खरंच शांत झाली की कंडेन्सरचा विचार करा. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, तो इंटरफेसवर असतोच.

सॉफ्टवेअर क्रॅक करून वापरू नका, गरजच नाही. ऑडॅसिटी पूर्ण मोफत आहे. रीपर ६० दिवस मोफत वापरता येतं आणि त्याचं साधं लायसन्स ६० डॉलरला आहे.

संबळ आणि गळा एकाच खोलीत

आपल्याकडची खरी अडचण ही आहे. गिटारवाल्यांचे व्हिडिओ बघून संबळ रेकॉर्ड होत नाही. संबळ काडीने वाजतो आणि त्याचा आवाज एवढा मोठा असतो की गाणाऱ्याच्या माइकमध्येही तोच भरतो. गोंधळी मंडळींना वेगवेगळं वाजवायला सांगितलं तर लय जाते, कारण ते एकमेकांकडे बघून वाजवतात.

मग असं करा. दोघांना समोरासमोर बसवा, मध्ये सात-आठ फूट अंतर. गाणाऱ्याचा माइक तोंडापासून वीतभर, संबळाचा माइक दीड फुटावर. प्रत्येक माइकची पाठ समोरच्या माणसाकडे येऊ द्या. एक माइक आपल्या आवाजापासून जितक्या अंतरावर आहे, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा. तुणतुणं आणि झांज गाणाऱ्याच्या बाजूला थोडं मागे.

लेव्हल लावताना सगळ्यात जोरकस जागा वाजवून घ्या आणि मीटर उणे १० ते १२ च्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटमध्ये सैद्धांतिक रेंज १४४ डेसिबल असते, त्यामुळे कमी लेव्हलने काही बिघडत नाही. शून्याला लागून फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरेसं आहे. एका माइकची मिनिटाची फाइल साधारण साडेआठ एमबी होते.

एवढा खटाटोप कशासाठी?

"घरात काय होणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं. बिली आयलिशचा पहिला अल्बम बहुतेक तिच्या भावाच्या लॉस एंजलिसमधल्या बेडरूममध्ये तयार झाला आणि २०२० मध्ये त्याला अल्बम ऑफ द इयरचा ग्रॅमी मिळाला.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं, आणि मला ते जास्त जवळचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल सोबत आले आणि १२० तासांहून जास्त ऑडिओ जमला. २०१७ पासून तो 'पारी'च्या वेबसाइटवर ऐकता येतो. हे काम झालं नसतं तर त्यातल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बाईसोबतच गेल्या असत्या.

आपल्याकडे आजही घराघरात अशी गाणी आहेत. आराध्यांची एखादी चाल एकाच गावात, एकाच घरात येते. ती येणारी आजी पंच्याहत्तरीत आहे आणि तुम्ही दिवाळी सेलमध्ये माइक स्वस्त व्हायची वाट बघताय. म्हणून म्हणतो, वाकळा बांधा आणि फोनवर सुरू करा.

आणि रेकॉर्ड केल्यावर तीन गोष्टी पाळा. यूट्यूबवर टाकण्याआधी गाणाऱ्याला स्पष्ट विचारा. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. माइक तुमचा म्हणून गाणं तुमचं होत नाही. व्हिडिओत गाणाऱ्याचं आणि गावाचं नाव लिहायचं का, तेही त्यांनाच विचारा; हो म्हणाले तर सगळ्यात वर लिहा. आणि मूळ डब्ल्यूएव्ही फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण फोन पडतो आणि हार्ड डिस्क जाते.

या आठवड्याचं काम: रात्री अकराला तुमच्या खोलीत फोनवर ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, मग इअरफोन लावून आवाज वाढवून ऐका. काय काय ऐकू आलं त्याची यादी करा. तुमच्या स्टुडिओची पहिली खरेदी ती यादी ठरवेल. पुढच्या भागात रेकॉर्ड केलेल्या गाण्याचं मिक्सिंग, हेडफोनवरच कसं करायचं ते. भेटू!