मनन आणि ध्यान

प्रार्थना म्हणजे देवाजवळ कांहीं मागणें, असाच पुष्कळांचा समज असतो. परीक्षा जवळ आली कीं विद्यार्थ्यांची प्रार्थना वाढते आणि निकाल लागतांच आटते! परंतु मागणें हें प्रार्थनेचें एक अंग होय, सर्वस्व नव्हे.

बाराव्या शतकांतील गीगो नांवाच्या मठवासी साधूनें चार पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रभूनें वादळ शांत केल्याचा प्रसंग घ्या. तो सावकाश वाचणें हें वाचन. ‘त्या नावेंत मी असतों तर भ्यालों असतों काय?’ असें मनाला विचारणें हें मनन. त्यांतून उठलेलें भय प्रभूला सांगणें ही प्रार्थना. आणि शब्द सरल्यावर त्याच्या सान्निध्यांत स्वस्थ बसणें हें ध्यान.

महाराष्ट्राला ही वाट परकी नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, तरी संतांचा अभंग त्यांनीं सोडला नाहीं. त्यांतच ख्रिस्तभक्ति गाइली. एकच चरण घोळवितां घोळवितां गाणारा अंतर्मुख होतो. मननाचें द्वार तें हेंच.

‘भिवंडींत मागांच्या खडखडाटांत एकांत कोठला?’ असें कोणी विचारील. परंतु बाहेरच्या आवाजाहून आंतला गलबला मोठा असतो. मन भटकेल, न रागावतां त्याला पुन्हा त्याच वचनाकडे आणावें. शंभर वेळां आणावें लागलें, तरी तो वेळ वायां गेला नाहीं. तें परत येणें हीच प्रार्थना होय.

पालकांनींही रोज पांच मिनिटें मुलांसमवेत असें बसावें. मूल ऐकून शिकतें, त्याहून पाहून अधिक शिकतें.