खापरीवरचे मत

ग्रीस देशात अथेन्स नावाचे शहर आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे राजाचा अंमल नव्हता. शेतकरी, कुंभार, सुतार एका टेकडीवर जमत. हात वर करून शहराचा कारभार ठरवीत. बायका आणि गुलाम यांना मात्र मत नव्हते. लोकशाहीला इंग्रजीत ‘डेमोक्रसी’ म्हणतात. तो शब्द मूळचा ग्रीकच. अर्थ, लोकांची सत्ता.

एखादा पुढारी डोईजड झाला, तर लोक खापरीवर त्याचे नाव कोरीत. निदान सहा हजार खापऱ्या पडाव्या लागत. मग ज्याचे नाव सर्वांत जास्त, तो दहा वर्षे हद्दपार!

एक गोष्ट सांगतात. लिहिता न येणाऱ्या एका शेतकऱ्याने शेजारच्या माणसापुढे खापरी धरली. म्हणाला, “बाबा, यावर अरिस्टायडीझ लिहून दे.” तो माणूस स्वतःच अरिस्टायडीझ! त्याने मुकाट्याने आपलेच नाव लिहून दिले.

तो सचोटीचा होता. सगळेच तसे असतात का? अथेन्सच्या एका जुन्या विहिरीत थेमिस्टोक्लीझ या पुढाऱ्याचे नाव कोरलेल्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. अक्षर मात्र चौदा-पंधरा जणांचेच!

आपल्याकडे १९५० च्या घटनेने सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत दिले. मत आपले आहे. मग त्यासाठी लागणारे अक्षरही आपलेच हवे.