लांकूडकामाचा चाकू कसा निवडावा?



शाळेंत असतांना दर थंडींत मुलांचें शिबिर घेऊन रानांत जाण्याचा माझा परिपाठ होता. एका वर्षीं तंबूची खुंटी तासतांना एका मुलाच्या बोटांवर त्याचा घडीचा चाकू मिटला. जखम भरून आली, पण तर्जनी पुढें पुरी वळेना. तो चाकू मींच निवडून दिला होता. तीच चूक आपल्या घरीं घडूं नये, म्हणून आजचा हा विषय.

रानांतील लांकूडकामास पातें न मिटणारा चाकूच घ्यावा. त्याचा उत्तम नमुना उत्तर युरोपांत सांपडतो. स्वीडनच्या दालार्ना प्रांतांतील मोरा हें गांव अशा चाकूंसाठीं प्रसिद्ध आहे. फिन्लंडांत त्याच कुळींतल्या चाकूला ‘पूक्को’ म्हणतात. तेथील भाषेंत ‘पू’ म्हणजे लांकूड.

यांचें पातें सुमारें ४ इंच लांब आणि अडीच ते तीन मिलिमीटर जाड असतें. मुलें मोठ्या पात्याला भुलतात. पण हातापासून धार जितकी दूर, तितका तिच्यावरील ताबा कमी. फांद्या तोडण्यास आपला कोयता आहेच. चाकूकडून कोयत्याचें काम करवूं नये.

या पात्याच्या दोन्ही अंगांस एकेकच रुंद उतार असून तो थेट धारेस मिळतो. तो उतार निसण्यावर सपाट टेकला कीं कोन आपोआप साधतो, व नवशिक्यालाहि धार लावतां येते. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला कीं हात घसरतो.

साधें पोलाद चटकन् धार घेतें, परंतु आपल्या पावसाळी हवेंत लवकर गंजतें. तें पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यानें क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद तयार केलें. तसल्या पात्यास ही काळजी कमी लागते. पोलाद कोणतेंहि असो, त्याला पाणी नीट दिलेलें हवें. तें मऊ राहिलें तर धार वळते, फाजील कठीण झालें तर तिचा टवका उडतो.

पात्याचा मुठींत शिरणारा भाग जितका लांब, तितका चाकू भक्कम. मूठ ओल्या हातांतून निसटूं नये. म्यान असें असावें कीं, उलटें धरून झटकलें तरी चाकू बाहेर पडूं नये. तासतांना पातें नेहमीं अंगापासून दूर न्यावें, व हातभर अंतरांत दुसरें कोणी बसूं नये.

तो विद्यार्थी गेल्या दिवाळींत आपल्या मुलास घेऊन आला, आणि शिबिरासाठीं त्याला चाकू कोणता घ्यावा, असें मलाच विचारूं लागला. त्याच्या त्या न वळणाऱ्या बोटाकडे पाहात मीं त्याला जीं लक्षणें सांगितलीं, तींच आज आपणांपुढें ठेविलीं आहेत.