अंगठ्याची कैफियत

पावसाळ्यातील मासेमारीबंदी उठून मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांची वर्दळ पुन्हा सुरू झाली आणि दोन महिने सुकटीवर नि सोड्यांवर निभावलेल्या जिभेला ताज्या तारल्यांची चव लागली, की रत्नागिरीतील एखाद्या घरात उत्तररात्री घरधन्याच्या पायाच्या अंगठ्यात असा काही निखारा पेटतो की, पांघरुणाचा नुसता स्पर्शही त्याला असह्य व्हावा. अंगठ्याचे मूळ लालबुंद होऊन सुजते, कातडी ताणून चकाकू लागते. घरातली मंडळी पाय मुरगळला असेल अशा समजुतीने रक्तचंदन उगाळून लावतात आणि आठवडा-दीड आठवड्यात दुखणे आपोआप ओसरले, की त्याचे श्रेय रक्तचंदनाच्या पदरात पडते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्त या नावाने वर्णिलेल्या व्याधीला आढ्यवात, म्हणजे धनवानाचा वात, असेही एक नाव आहे. आपण आज जिला गाऊट म्हणतो तिच्याशी तिचे पुष्कळ जुळते. धनिकांचा हा मक्ता आता उरलेला नाही. बागायतदाराइतकाच रिक्षावालाही तिच्या तावडीत सापडतो. पेशींतील व अन्नातील प्युरिन नामक द्रव्यांचे विघटन होऊन यूरिक ॲसिड तयार होते आणि त्याचा निचरा मुख्यत्वे मूत्रपिंडांनी करावयाचा असतो. तो अपुरा पडून 100 मिलिलिटर रक्तात त्याचे प्रमाण सुमारे 6.8 मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिले, म्हणजे ही थकबाकी सुईसारख्या स्फटिकांच्या रूपाने सांध्यांत साचू लागते, आणि अंगठा हा शरीराच्या थंड भागांपैकी असल्यामुळे पहिली जप्ती बहुधा त्याच्यावर येते. ऐन दुखण्यात केलेल्या तपासणीत हा आकडा पुष्कळदा निर्दोष येतो, हे ठाऊक नसल्याने निदान हुकते.

श्रावणात कोकणातल्या कुंपणांवर ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी आपण सर्वांनी पाहिलेली असते. हकिमांचे सुरंजान आणि युरोपातील एक शरदपुष्प यांत असणारे कॉल्चिसिन हिच्या कंदातही असते, आणि त्याच्या अल्पशा, मोजक्या गोळ्या हा या झटक्यावरील एक जुना इलाज आहे. मात्र तो कंद इतका जहाल विषारी आहे की, घरच्या घरी उकरून उगाळण्याचा मोह प्राणावर बेतेल.

झटका शमवणे आणि रोग हटवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि माझ्या मते बहुतेकांची फसगत इथेच होते. दुसऱ्या कामासाठी ॲलोप्युरिनॉल आहे. त्याचे जनक जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन हे 1988च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. ते बहुधा रोज 100 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी मात्रेने सुरू करून, आकडा 6च्या खाली येईतो डॉक्टरच्या सल्ल्याने वाढवीत न्यायचे असते. पण जुने स्फटिक विरघळू लागले म्हणजे पहिल्या काही महिन्यांत झटके उलट अधिक येऊ शकतात. म्हणून सोबत काही महिने कॉल्चिसिनची अल्प मात्रा देण्याचा प्रघात आहे. नेमक्या त्याच वेळी रुग्ण ‘गोळी बाधली’ असे ठरवून ती बंद करतो. खरोखर थांबवून तत्काळ डॉक्टरकडे जावे असे लक्षण म्हणजे अंगावर उठणारे पुरळ.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी दोन वर्षे वरण, पालक आणि टोमॅटो निग्रहाने वर्ज्य केले, गोळी मात्र दुखेल तेव्हाच घेतली, आणि संध्याकाळच्या बिअरचा विषय कोणी काढू दिला नाही. वास्तविक डाळी-भाज्यांनी या रोगाचा धोका वाढत असल्याचे आढळलेले नाही. बिअर, गोड शीतपेये, कलेजी, तारल्या यांना आवर घालणे इष्ट, तरी निव्वळ पथ्याने आकडा उतरतो तो साधारण एखाद्या मिलिग्रॅमने. आता त्यांची गोळी रोज सकाळच्या चहाबरोबर असते, ताटात वरण परत आले आहे, आणि वर्षभर माळ्यावर पडलेले बूट त्यांनी परवा पुसून उन्हात ठेवले होते.