प्रजननासाठी ठेवलेल्या पांढऱ्या उंदरांची मांडणी : महाविद्यालयीन प्राणिगृहातील स्वनिर्मितीचा विचार

प्रस्तावना

औषधनिर्माणशास्त्र व प्राणिशास्त्र या विषयांच्या संशोधनात पांढऱ्या उंदराला महत्त्वाचे स्थान आहे. इंग्रजीतील 'रॅट' व 'माऊस' हे दोन्ही प्राणी मराठीत 'उंदीर' या एकाच शब्दात सामावतात. प्रस्तुत लेखात उंदीर म्हणजे रॅट असेच समजावे. फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत १९०६ पासून जोपासला गेलेला विस्टार वाण आपल्याकडील प्राणिगृहांत सर्वत्र आढळतो. पिंजरे बाजारातून घेतले तरी ते ठेवण्याची मांडणी, म्हणजेच रॅक, स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेण्याकडे महाविद्यालयांचा कल असतो. यात गैर काहीच नाही. मात्र ही मांडणी स्वयंपाकघरातील भांड्यांच्या मांडणीप्रमाणे केवळ जागा वाचविण्याचे साधन नव्हे. तिच्यावर ठेवलेला प्राणी जिवंत आहे, मलमूत्र टाकतो, कुरतडतो आणि वितो. म्हणून मोजमापांची सुरुवात लोखंडापासून न करता प्राण्याच्या जीवनक्रमापासून करावी लागते.

पिंजऱ्यांचा हिशेब

मादीचे ऋतुचक्र ४ ते ५ दिवसांचे, गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा आणि पिल्लांचे दूध तोडण्याचे वय सुमारे २१ दिवस. एका वेतात साधारणतः ८ ते १२ पिल्ले होतात. व्यायल्यानंतर २४ तासांच्या आतच मादी पुन्हा माजावर येते. नर त्याच पिंजऱ्यात राहिला तर अंगावर पिल्ले पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहते. म्हणून गाभण मादीला वेगळा पिंजरा द्यावा लागतो व तो आरंभीच हिशेबात धरावा लागतो.

पिंजरा ४१ × २८ सेंमी तळाचा घेतला तर त्याचे क्षेत्रफळ ११४८ चौ. सेंमी होते. प्रयोगप्राण्यांच्या निगेसंबंधी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेच्या आठव्या आवृत्तीत (२०११) पिल्लांसह मादीसाठी ८०० चौ. सेंमी जागा व १७.८ सेंमी उंची सांगितली आहे. अर्थात एका पिंजऱ्यात एकच लेकुरवाळी मादी. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे १०० ते २०० ग्रॅम वजनाच्या उंदराला सुमारे १४८, तर २०० ते ३०० ग्रॅमच्या उंदराला सुमारे १८७ चौ. सेंमी जागा लागते. म्हणजे उपरोक्त पिंजऱ्यात वाढती पिल्ले आधी ७ आणि पुढे ६ मावतात.

येथेच बहुतेक आराखडे चुकतात. माद्यांच्या संख्येवरून मांडणी ठरविली जाते; प्रत्यक्षात ती भरते पिल्लांनी. आठ माद्या एकाच वेळी व्याल्या व प्रत्येकीची नऊ पिल्ले जगली तर ७२ पिल्ले होतात. ती २०० ग्रॅमच्या पुढे गेली की त्यांनाच किमान १२ पिंजरे लागतात. सोळा पिंजऱ्यांच्या मांडणीत मग माद्यांसाठी जागा उरते कोठे? याउलट एका वेळी तीनच माद्या घेतल्या तर सुमारे २७ पिल्ले होतात. नर-मादी वेगळे ठेवून त्यांना ६ पिंजरे पुरतात आणि दुसरी तुकडी त्याच मांडणीत सुरू करता येते. नर व मादी पिल्ले दूध तुटतानाच वेगळी करणे इष्ट, कारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती वयात येतात. प्रयोगाला लागणाऱ्या प्राण्यांहून अधिक प्राणी जन्माला घालणे म्हणजे पुढे त्यांना मारणे होय, आणि या गोष्टीचा निर्णय मांडणीचा कागदी आराखडा काढतानाच होत असतो. रसेल व बर्च यांनी १९५९ साली मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी 'संख्या घटविणे' हे तत्त्व येथे अगदी व्यवहाराच्या पातळीवर येते.

मांडणीची रचना

चार फळ्या व प्रत्येक फळीवर चार पिंजरे ही रचना लहान प्राणिगृहास सोयीची ठरते. पिंजऱ्यांची रुंदी ११२ सेंमी आणि पाच ठिकाणी सोडलेले ५ सेंमी अंतर मिळून फळीची लांबी १३७ सेंमी होते; खोली ४५ सेंमी पुरते. पिंजरा १८ सेंमी उंच, झाकणावर तिरपी पाण्याची बाटली सुमारे १० सेंमी, आणि वर हवा खेळण्यासाठी १० सेंमी, असे ३८ सेंमी अंतर दोन फळ्यांत ठेवावे. सर्वांत खालची फळी जमिनीपासून ३० सेंमीवर असावी, म्हणजे खालून पोछा फिरतो. त्यानंतरच्या फळ्या ६८, १०६ व १४४ सेंमीवर येतात. सर्वांत वरचा पिंजराही परिचराला स्टुलावर न चढता पाहता येतो. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण जो पिंजरा सहज दिसत नाही त्यातील रिकामी बाटली उशिरा लक्षात येते.

लाकूड टाळावे. ते मूत्र शोषून घेते, निर्जंतुक करता येत नाही व कुरतडले जाते. ॲल्युमिनियम मूत्राने खराब होते. ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील उत्तम, परंतु महाग. पावडर कोटिंग केलेला लोखंडी अँगल हा मधला मार्ग होय. वेल्डिंगचे सांधे घासून गुळगुळीत केलेले असावेत, कारण खाचेत साचलेली घाण धुतली जात नाही. फळी जाळीची न करता सलग पत्र्याची करावी, म्हणजे वरच्या पिंजऱ्यातील तूस व लेंड्या खाली पडत नाहीत. भरलेला पिंजरा सुमारे ४ किलोचा धरला तर एकूण भार ६५ किलोच्या आसपास जातो. तेव्हा मांडणी भिंतीपासून १५ सेंमी अंतरावर ठेवून क्लॅम्पने भिंतीशी जखडावी. चाके लावण्याचा मोह अनेकांना होतो; तथापि व्यालेल्या मादीला हादरे व हलवाहलव सोसत नाही, अस्वस्थ मादी पिल्ले खाते. प्रजननाच्या मांडणीला स्थिर पायच योग्य.

परिसर

अंथरणासाठी आपल्याकडे भाताचे तूस वापरतात. ओल्या तुसात जीवाणूंच्या क्रियेने मूत्रातील युरियापासून अमोनिया तयार होतो व त्याने श्वसनमार्गाचे विकार बळावतात. कोकणातील पावसाळ्यात तूस लवकर ओलावते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलट अडचण येते : आर्द्रता फार घटली की लहान पिल्लांच्या शेपटीला वळ पडून ती झडू शकते. कूलर लावल्यास त्याचा झोत थेट फळीवर नसावा. वीण जवळ आली की अंथरण आधीच बदलावे, घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या द्याव्यात व व्यायल्यानंतर काही दिवस पिंजऱ्यास हात लावू नये.

आवाजाबाबत माणसाचा कान विश्वासार्ह नाही. उंदीर सुमारे ८० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि पिल्ले ४० किलोहर्ट्झच्या आसपास आईला साद घालतात. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीतही वाहता नळ वा संगणकाचा पडदा त्यांना उपद्रव देऊ शकतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये स्थापन झालेल्या समितीकडे, पूर्वीची सीपीसीएसईए व आताची सीसीएसईए, प्रजननासाठीही नोंदणी आवश्यक आहे. १९९८ चे नियम प्रयोगाइतकेच प्रजननालाही लागू आहेत. मांडणी कितीही चांगली असली तरी ती या नोंदणीनंतरच भरावी.

प्रकाश आणि फळीचे स्थान

पांढऱ्या उंदराच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसते. तीव्र प्रकाशाने त्याच्या दृष्टिपटलाला इजा होते. जमिनीपासून १ मीटर उंचीवर ३२५ लक्स इतका प्रकाश पुरेसा मानतात व १२ तास उजेड, १२ तास अंधार असे चक्र ठेवतात. परंतु ट्यूबलाइट छताला असते, त्यामुळे वरच्या फळीवर लख्ख उजेड आणि तळाशी अंधुक, असा फरक एकाच मांडणीत पडतो. १८२ सेंमीवर सलग पत्र्याचे छप्पर दिल्यास वरची फळीही उरलेल्या तिघींसारखी सावलीत येते. हा खर्च अल्प आहे, तरी सर्वप्रथम तोच वगळला जातो.

उरलेला फरक प्रयोगाच्या नियोजनात सांभाळावा लागतो. नियंत्रण गटाचे पिंजरे एका फळीवर व औषध दिलेल्या गटाचे दुसऱ्या फळीवर ठेवण्याची पद्धत दिसायला नीटनेटकी आहे, पण तिने निष्कर्षच संशयास्पद होतात. वजनातील तफावत औषधाची की फळीची, हे मग कोणतीही संख्याशास्त्रीय चाचणी सांगू शकत नाही आणि ते प्राणी व्यर्थ गेलेले असतात. प्रत्येक फळीवर प्रत्येक गटाचे पिंजरे चिठ्ठ्या टाकून विभागावेत व पिंजऱ्याच्या कार्डावर फळी आणि जागेचा क्रमांक लिहावा. लेकुरवाळ्या माद्यांच्या जागा मध्येच बदलू नयेत. त्यांना आरंभापासून मधल्या दोन फळ्या द्याव्यात.