श्वासाची गोष्ट – लेखांक 5 : धुरापुढे औषध का कमी पडते?

बुलडाणा जिल्ह्यातले बीबी हे गाव लोणार तालुक्यात, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दसऱ्याच्या आगेमागे या भागात सोयाबीनची सोंगणी उरकते, शेतात सुड्या उभ्या राहतात आणि मळणीचा हडंबा सुरू होतो. कुटाराची बारीक पिवळट धूळ वाऱ्याबरोबर घरापर्यंत येते. बांधावर आणि रस्त्याच्या कडेला गाजरगवत फुललेले असते. ज्या घरी अजून चूल आहे तिथे सांजच्याला पऱ्हाट्या-तुराट्यांचा धूर होतो आणि रात्री डासांसाठी कॉइल लावली जाते. दमा असलेल्या मुलाला हे सगळे एकाच हंगामात, कधी एकाच दिवसात, सोसावे लागते.

दम्यात श्वासनळ्या आकसतात, आतून सुजतात आणि चिकट स्रावाने भरतात, हे मागच्या लेखांकात आले. मूल खेळते-बागडते दिसत असतानाही ही सूज आत टिकून का राहते आणि रोजचे औषध चालू असूनही काही मुलांची छाती पुन्हा पुन्हा का भरते, हे या आठवड्यात पाहायचे आहे. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग ऑक्सिजनच्या रसायनशास्त्रात आहे.

चिरलेले वांगे उघड्यावर राहिले की काळे पडते. हवेतला ऑक्सिजन त्यातल्या रसायनांना बदलतो. शरीरातही ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल असे आक्रमक रेणू सतत तयार होत असतात. थोडे असतील तर ते उपयोगाचेच. जंतू मारायला पेशी तेच वापरतात. त्यांना आवरण्यासाठी शरीराची स्वतःची व्यवस्था आहे. ग्लुटाथिओन, कॅटालेज, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज ही त्यातली मुख्य नावे आणि जोडीला आहारातून येणारी क व ई जीवनसत्त्वे. फुप्फुसाच्या आतल्या पातळ द्रवात ग्लुटाथिओन तर रक्तापेक्षा कितीतरी जास्त असते, कारण हवेचा मारा पहिल्यांदा तिथेच होतो. आक्रमक रेणू वाढले आणि ही व्यवस्था तोकडी पडली की जी स्थिती येते तिला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

दमेकरी मुलात हा ताण दोन्हीकडून येतो. धूळ आणि चुलीचा, वाहनांचा धूर बाहेरून येतात. आतून भर घालतात त्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. मुळात जंतांसारख्या परजीवींशी लढणाऱ्या या पेशी अ‍ॅलर्जीच्या दम्यात श्वासनळीच्या भिंतीत गोळा होतात आणि आपली जहाल रसायने तिथेच सोडतात. भिंत दुखावते, आणखी पेशी धावून येतात, त्या आणखी रेणू सोडतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये तीव्र दम्याच्या मुलांच्या फुप्फुसातला द्रव तपासला, तेव्हा त्यात ग्लुटाथिओन कमी आढळले आणि उरलेल्यातले बरेचसे आधीच खर्ची पडलेले होते.

परागकणांबद्दलचा शोध तर विशेषच आहे. परागकण म्हणजे फक्त अ‍ॅलर्जी, अशी समजूत होती. टेक्सासमधल्या इस्तवान बोल्डोग आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवून दिले की रॅगवीड या तणाच्या परागकणात स्वतःचेच असे एन्झाइम असते जे ओल्या श्वासनळीत पोचताच आक्रमक रेणू बनवू लागते. उंदरांमध्ये हे एन्झाइम निष्प्रभ केले, तर अ‍ॅलर्जीची सूजही बरीच कमी झाली. आपल्याकडचे गाजरगवत याच तणाचे भाऊबंद, सूर्यफुलाच्या कुळातले. 1950च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या परागकणांनी अ‍ॅलर्जी होते, हे सिद्ध आहे.

सोयाबीनच्या धुळीची कथा बीबीपासून फार दूर, स्पेनमधल्या बार्सिलोना बंदरात घडली. 1981 ते 1987 या काळात त्या शहरात अचानक, एकाच दिवशी, दम्याच्या रुग्णांची रुग्णालयात गर्दी व्हायची. असे 26 उद्रेक झाले. बंदरावर सोयाबीन उतरवले जाई त्याच दिवशी हे घडते, हे शेवटी लक्षात आले. कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती आणि दाण्याच्या टरफलातली प्रथिने शहरभर उडत होती. गाळणी बसवली आणि उद्रेक थांबले. तिथले रुग्ण बहुतेक प्रौढ होते, आणि हडंब्याचा धुरळा म्हणजे बंदराचे कोठार नव्हे. तरी कुटार उडत असताना दमेकरी पोराला सुडीजवळ खेळू देऊ नये, एवढे यातून नक्की घेता येते.

पुण्यातले डॉ. संदीप साळवी परदेशात संशोधन करत असताना वाहनांच्या धुरावरचा त्यांचा एक अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. धडधाकट स्वयंसेवकांनी तासभर डिझेलचा पातळ केलेला धूर श्वासावाटे घेतला होता. काही तासांनी त्यांच्या श्वासनळ्यांत सूज आणणाऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. निरोगी, मोठ्या माणसांची ही गत. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते आणि त्याचे फुप्फुस अजून वाढत असते.

आता औषधाकडे वळू. रोज घ्यायच्या पंपातले स्टेरॉइड सूज आणणारी जनुके शांत करते, पण त्या कामात त्याला पेशीतल्या एचडीएसी-2 या प्रथिनाची साथ लागते. ऑक्सिडेटिव्ह ताण नेमके हेच प्रथिन खिळखिळे करतो. लंडनच्या संशोधकांनी 2014 मध्ये तीव्र दम्याच्या मुलांची तुलना केली. ज्यांच्या घरी आई-वडील सिगारेट ओढत होते, त्या मुलांत हे प्रथिन सुमारे निम्मेच उरले होते. अभ्यास तंबाखूच्या धुराचा होता, पण पऱ्हाट्यांच्या धुरातही ऑक्सिडेशन करणारे घटक भरपूर असतात. म्हणून घरातला धूर आणि मुलाचे औषध यांचा हिशेब वेगवेगळा मांडणे चुकीचे आहे. पंप महागाचा आणला आणि ओसरीवर बिडी चालूच राहिली, तर त्या पंपाचा पुरा गुण येणार नाही. कॉइलही साधी नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. मच्छरदाणी त्याहून कितीतरी बरी.

मग क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या तर? मेक्सिको सिटीच्या प्रदूषित हवेत राहणाऱ्या 158 दमेकरी मुलांवर इझाबेल रोम्यू यांनी हा प्रयोग केला आणि 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. रोज 250 मिलिग्रॅम क आणि 50 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व घेणाऱ्या मुलांना, त्यातही मध्यम आणि तीव्र दम्याच्या मुलांना, हवेतल्या ओझोन या प्रदूषकाचा त्रास कमी झाला. ज्यांच्यात जीएसटीएम-1 हे संरक्षक जनुक जन्मतःच नसते, त्यांना फायदा अधिक दिसला. पण सरसकट सगळ्या मुलांचा दमा गोळ्यांनी आटोक्यात येतो, असा पुरावा पुढच्या अभ्यासांतून मिळालेला नाही. 100 ग्रॅम पेरूत साधारण 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. शेवग्याचा पाला आणि आवळाही आहेच. पोराला ते जरूर खाऊ घालावे. मात्र पंपाऐवजी नाही.

खरी चिंता पंपाचीच आहे. पुण्यासह देशातल्या नऊ केंद्रांत झालेल्या ग्लोबल अ‍ॅस्थमा नेटवर्कच्या पाहणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. छातीत घरघर होणाऱ्या दर शंभरातल्या सुमारे ब्याऐंशी जणांना आपल्याला दमा आहे हे कुणी सांगितलेलेच नव्हते आणि रोज श्वासावाटे स्टेरॉइड घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी होते. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीपायी घरोघरी फक्त त्रास झाला की वाफ दिली जाते, मूल मोकळे झाले की औषध बंद. आतली सूज तशीच राहते. पंपाने व्यसन लागत नाही. त्यातला डोस इतका थोडा असतो की शरीराच्या इतर भागात तो फारसा पोचत नाही, आणि दुष्परिणामही तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडच्या मानाने खूप कमी असतात.

पंप थेट तोंडात मारला तर बरेचसे औषध घशातच राहते, म्हणून लहान मुलांसाठी स्पेसर नावाची नळकांडी लागते. ती कशी धरायची, किती श्वास घ्यायचे, नंतर चूळ का भरायची आणि आठवड्यातून एकदा ती कशी धुवायची, हे पुढच्या लेखांकात. तोवर एक मात्र ध्यानात असू द्यावे: श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, मूल सलग वाक्य बोलू शकत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांनी दिलेला त्रासाच्या वेळचा पंप द्यावा.